लाकडी टाइपचा फॉन्ट कसा करायचा: विल्यम पेजच्या दुरंगी अक्षरांपासून आजच्या कलर फॉन्टपर्यंत

रोझवुड हा फॉन्ट तुम्हाला नावाने ठाऊक नसेल, पण नजरेखालून नक्की गेला असेल. जाड पायांची, पोटात नक्षी भरलेली रोमन कॅपिटल अक्षरं. सर्कशीचं पोस्टर, बर्गरच्या दुकानाची पाटी, काउबॉय थीमच्या वाढदिवसाची पत्रिका. जिथे ‘जुनी अमेरिका’ दाखवायची असते तिथे डिझायनरचा हात याच अक्षरांकडे जातो. ॲडोबीने तो 1994 साली आणला. किम बकर चॅन्सलर, कार्ल क्रॉसग्रोव्ह आणि कॅरल ट्वॉम्बली या तिघांचं ते काम. मूळ अक्षरं मात्र विल्यम हॅमिल्टन पेज यांच्या लाकडी टाइपच्या, म्हणजे छपाईसाठी लाकडात कोरलेल्या अक्षरांच्या, कारखान्यातली, 1874 च्या रंगीत नमुनाग्रंथात छापलेली. तो कारखाना टेक्सासच्या वाळवंटात नव्हता. तो होता पूर्व किनाऱ्यावर, कनेक्टिकट राज्यातल्या नॉर्विच गावाच्या ग्रीनव्हिल भागात. ‘वेस्टर्न फॉन्ट’ हे लेबल हॉलिवूडने नंतर चिकटवलं असं माझं मत.

असं एखादं अक्षर स्वतः डिजिटल करायचं तर काम कोणत्या क्रमाने करावं, कुठे वेळ द्यावा आणि कुठे देऊ नये, हे या लेखात सांगतो. सॉफ्टवेअर कोणतंही चालेल. ग्लिफ्स, फॉन्टलॅब किंवा फुकटचं फॉन्टफोर्ज, पद्धत तीच राहते.

आधी थोडी यंत्रं समजून घ्या

हा इतिहास वगळून थेट ट्रेसिंगला बसलात तर पुढे प्रत्येक वळणावर अडाल, कारण या अक्षरांचे आकार यंत्रांनी ठरवलेले आहेत.

मोठी अक्षरं शिशात ओतणं परवडत नसे. खिळा, म्हणजे छपाईचं शिशाचं सुटं अक्षर, जितका मोठा तितका जड आणि महाग, शिवाय थंड होताना त्याचा पृष्ठभाग वाकडा होण्याची भीती. पोस्टरवाल्यांना तर हातभर अक्षरं हवी होती. लाकूड हलकं आणि स्वस्त होतं, पण एकेक अक्षर हाताने कोरत बसलं तर धंदा कसा चालायचा? 1827 साली न्यूयॉर्कमध्ये डॅरियस वेल्स यांनी फिरत्या पात्याचं राउटर यंत्र या कामाला लावलं आणि 1828 मध्ये अमेरिकेतला लाकडी टाइपचा पहिला कॅटलॉग काढला. 1834 मध्ये विल्यम लेव्हनवर्थ यांनी त्याच राउटरला पँटोग्राफ जोडला. आता एका मोठ्या लाकडी पॅटर्नच्या कडेने सुई फिरवली की पलीकडे तेच अक्षर हव्या त्या मापात कोरून निघू लागलं. नक्षी कितीही गुंतागुंतीची असो, पॅटर्न एकदाच कापायचा. एकोणिसाव्या शतकातल्या अलंकृत अक्षरांचा महापूर आला त्याचं अर्धं श्रेय मी डिझायनरांना देईन आणि अर्धं या पँटोग्राफला.

लाकूड बहुधा कठीण मेपल असे. फळी उभी न चिरता खोडाच्या आडव्या चकत्या काढत. अशा चकतीत लाकडाचे तंतू छपाईच्या पृष्ठभागाकडे टोकं करून उभे असतात, म्हणून दाबाखाली कडा फुटत नाहीत आणि बारीक नक्षी टिकते. ठोकळ्याची उंची शिशाच्या खिळ्याइतकीच, 0.918 इंच, म्हणजे दोन्ही एकाच चौकटीत जुळवता येत. मापाचं एकक होतं ‘लाइन’. 1 लाइन म्हणजे 1 पायका, इंचाचा सहावा भाग. 12 लाइनचं अक्षर 2 इंच उंच, आजच्या हिशेबात सुमारे 144 पॉइंट.

पेज यांच्या कारखान्याने या तंत्राचं टोक गाठलं. 1845 साली लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत, म्हणजे टाइप ओतणाऱ्या कारखान्यात, रॉबर्ट बेसली यांनी क्लॅरेंडन नावाचा टाइप आणला होता. त्याच्या जाड सेरिफ, म्हणजे दांड्यांच्या टोकांचे आडवे पाय, दांड्याला गोलाईने मिळतात. तो सांगाडा अमेरिकन कारखान्यांनी लांबवला, चेपला, फुगवला आणि शेवटी आतून नक्षीने भरला. पेजकडची त्याची क्रोमॅटिक आवृत्ती म्हणजे एका अक्षराचे दोन ठोकळे, एका रंगासाठी एक. दोन्ही एकावर एक छापले की अक्षर पुरं होई, आणि रंग जिथे एकमेकांवर चढत तिथे तिसरा रंग फुकट मिळे. 1874 चा नमुनाग्रंथ पाहताना आजही डोळे विस्फारतात. 2017 मध्ये त्याची पुनर्मुद्रित आवृत्ती निघाली आहे, शक्य असेल तर ती हाताळा.

पुढची गोष्ट धंद्याची आहे. विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावात जेम्स एडवर्ड हॅमिल्टन यांनी 1880 मध्ये हॉलीच्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याची अक्षरं कापून स्वस्त ठोकळ्यावर चिकटवायला सुरुवात केली. ही अक्षरं इतरांपेक्षा कितीतरी स्वस्त पडत. 1891 मध्ये हॅमिल्टन कंपनीने पेजचा धंदाच विकत घेतला. पुढे ऑफसेट छपाई आली, अभिरुची बदलली, आणि हे ठोकळे छापखान्यांच्या अडगळीत गेले. ते वाचले त्यात रॉब रॉय केली यांचा मोठा वाटा आहे. मिनियापोलिसमध्ये विद्यार्थ्यांना छपाई शिकवताना त्यांनी जुने टाइप जमवले आणि कोणता टाइप कोणाचा, कधीचा, याचा छडा लावत 1969 मध्ये अमेरिकन लाकडी टाइपवर ग्रंथ काढला. त्यांचा संग्रह ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात आहे. त्यावर डेव्हिड शील्ड्स यांनी नव्याने काम करून 2022 मध्ये इतिहास आणि सूची प्रसिद्ध केली. टू रिव्हर्समध्ये 1999 पासून हॅमिल्टन वुड टाइप संग्रहालय आहे, आणि त्याच्याशी हातमिळवणी करून पी22 फाउंड्री 2012 पासून डिजिटल आवृत्त्या काढते. त्यांचा अमेरिकन क्रोमॅटिक पाहिलात तर थरांचं गणित कसं मांडतात ते कळेल.

पहिला निर्णय: नक्की काय जिवंत करायचं?

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न इथेच आहे, आणि बहुतेक जण तो स्वतःला विचारतच नाहीत. लाकडी टाइपमध्ये ‘मूळ अक्षर’ तीन ठिकाणी असतं. एक पॅटर्नमध्ये, म्हणजे पँटोग्राफची सुई ज्याच्या कडेने फिरली त्या आकारात. दुसरं ठोकळ्यात, राउटरच्या पात्याने कोरलेलं. तिसरं कागदावर, शाई पसरून थोडं जाड झालेलं, कोपरे भरलेलं. तिन्ही वेगळी असतात.

राउटरचं पातं गोल फिरतं, त्यामुळे आतल्या कोपऱ्यात ते टोकापर्यंत पोचत नाही. तिथे बारीक गोलाई राहते आणि कारागीर ती नंतर सुरीने साफ करत. कुठे केली, कुठे राहून गेली. तुम्ही पॅटर्न जिवंत करत असाल तर सगळे आतले कोपरे टोकदार काढा. ठोकळा करत असाल तर गोलाई ठेवा, पण सगळीकडे एकाच त्रिज्येची, कारण पातं एकच होतं. छापील ठसा हवा असेल तर शाईचा फुगवटा आणि खरवड दोन्ही घ्यावे लागतील. रोझवुड पॅटर्नच्या बाजूला झुकतो, स्वच्छ आणि धारदार. बाजारातले बरेचसे ‘व्हिंटेज’ फॉन्ट तिसऱ्या प्रकारचे असतात आणि त्यातले अनेक या तिन्हींची खिचडी करतात. बाहेरच्या कडा खडबडीत, आतली नक्षी लेझरने कापल्यासारखी. ते लगेच खोटं दिसतं.

निर्णय एका ओळीत लिहून भिंतीवर लावा. पुढे शंका आली की तिकडे बघायचं.

साहित्य जमवणं

ठोकळे हाती असतील तर उत्तमच. नसतील तर कॅटलॉगची चांगली स्कॅन शोधा. अमेरिकेतली विद्यापीठं आणि इंटरनेट आर्काइव्ह यांच्यावर एकोणिसाव्या शतकातले नमुनाग्रंथ मिळतात. मात्र कॅटलॉगमध्ये पूर्ण वर्णमाला क्वचितच असते. जागा महाग, म्हणून चारसहा अक्षरांचा एखादा शब्द छापून काम भागवलेलं असतं. तेव्हा त्याच टाइपचे दोनतीन वेगवेगळ्या वर्षांचे कॅटलॉग पाहा, प्रत्येकात वेगळा शब्द सापडतो. एक सावधगिरी: तेच नाव वेगळ्या कारखान्यात वेगळ्या टाइपला असे, आणि तोच टाइप दुसरीकडे नुसत्या क्रमांकाने विकला जाई. नावावर विसंबू नका, ‘आर’चा पाय आणि ‘जी’ची जीभ जुळते का ते बघा.

ठोकळ्यावरून ठसा काढताना शाई कमी घ्या, दाब हलका ठेवा आणि कागद गुळगुळीत वापरा. एकाच अक्षराचे अनेक ठसे काढा. संचात ‘ई’चे चारपाच ठोकळे असतील तर सगळ्यांचे काढा. सगळे एकाच पॅटर्नवरून कोरलेले असल्याने त्यांच्यात जे समान आहे ते पॅटर्नचं आणि जे वेगळं आहे ते झिजेचं, हे स्कॅन एकमेकांवर ठेवले की उघड होतं.

स्कॅन 600 डीपीआयला ग्रेस्केलमध्ये करा. 12 लाइनच्या अक्षराला 1200 पिक्सेल उंची मिळते, तेवढी पुरते. शुद्ध काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये स्कॅन करू नका, कडेचा करडा भागच शाई किती पसरली ते सांगतो. शेजारी मोजपट्टी ठेवून स्कॅन करा, म्हणजे दोन सत्रांत माप बदलणार नाही.

रेखाटन

ऑटोट्रेसला, म्हणजे स्कॅनवरून आपोआप रेघा काढणाऱ्या साधनाला, हात लावू नका. तो लाकडाचा प्रत्येक ओरखडा इमानदारीने उतरवतो आणि एका अक्षरात हजारभर बिंदू पेरतो. असा फॉन्ट दुरुस्तही होत नाही आणि वळणं गुळगुळीत दिसायची तिथे थरथरतात.

सुरुवात ‘एच’ आणि ‘ओ’ने करा. या दोघांत दांड्याची जाडी, सेरिफची उंची, गोलाईचा ताण आणि नक्षीची जागा ठरते. मग ‘ई’, ‘ए’, ‘एस’, ‘आर’. बेझिएरचे, म्हणजे वक्ररेषा ठरवणारे, बिंदू वळणाच्या टोकांवर, म्हणजे सर्वांत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे ठेवा. नक्षीचे तुकडे, पानं, ठिपके, मधला हिरा, हे सगळं स्वतंत्र कम्पोनंट, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारा तुकडा, म्हणून काढा आणि अक्षरात बसवा. एक पान सुधारलं की सगळीकडे सुधारतं. फक्त एक गोष्ट लक्षात असू द्या. कोरणाऱ्याने नक्षी प्रत्येक दांड्यात आंधळेपणाने तीच ठेवलेली नसते. ‘एस’च्या वळणात ती वाकते, ‘एम’च्या अरुंद दांड्यात बारीक होते. तिथे कम्पोनंट सोडून हातानेच काढायचं.

पेजच्या दोन ठोकळ्यांचे आकार एकमेकांवर थोडे चढतात, कारण यंत्रावर कागद केसभर जरी सरकला तरी मधे पांढरी फट दिसू नये. स्क्रीनवर कागद सरकत नाही म्हणून अनेक जण दोन्ही आकार एकमेकांना अचूक चिकटवतात, आणि मग कडेला पार्श्वभूमीची पुसट रेघ दिसते. दोन आकारांच्या कडा स्क्रीनवर वेगवेगळ्या मऊ केल्या जातात आणि त्या दोन्हीतून मागचा रंग झिरपतो. उपाय जुनाच, आकार चढवा. मी तर भरणीचा थर अक्षराच्या संपूर्ण छायाकृतीइतका करतो आणि नक्षीचा थर त्याच्या वर ठेवतो. रोझवुडमध्येही रेग्युलर आणि फिल असे दोन भाग आहेत, फिल खाली, रेग्युलर वर.

जी अक्षरं कधी नव्हतीच

अशा संचात बहुधा फक्त कॅपिटल अक्षरं, थोडी विरामचिन्हं आणि कधी आकडे असत. ईमेलचा ॲट, हॅशटॅग, युरो, यातलं काहीच सापडणार नाही, ते तुम्हालाच काढावं लागेल. आपल्याकडच्या वापरासाठी ₹ हवंच. हे चिन्ह 2010 मधलं. त्याच्या दोन आडव्या रेघा आणि क्लॅरेंडनची जाड सेरिफ एकमेकांच्या मुळावर येतात. वरची रेघ सेरिफसारखी मानून जाड ठेवा, खालची निम्म्याने बारीक करा आणि नक्षी फक्त तिरक्या पायात घाला. दोन्ही रेघा नक्षीदार केल्यात तर चिन्ह ओळखू येत नाही.

लोअरकेसच्या जागी काय ठेवायचं? कोणी तेच कॅपिटल परत ठेवतात, कोणी थोडे छोटे. मला तिसरा पर्याय आवडतो. त्याच अक्षराचा दुसरा अवतार तिथे ठेवायचा, म्हणजे शेजारीशेजारी दोन ‘ओ’ आले तर दोघांचे ओरखडे वेगळे. खरवडीत फॉन्टमध्ये तर प्रत्येक अक्षराच्या तीन आवृत्त्या करून संदर्भानुसार अक्षर बदलणारं फीचर, म्हणजे फॉन्टमधला नियम, लिहा. एकच चरा एका शब्दात तीनदा दिसला की सगळा भ्रम संपला.

अंतर

लाकडी ठोकळा चौकोनी असतो. ‘ए’ आणि ‘व्ही’ शेजारी आले की मधे खिंड पडे, आणि नाइलाज झाला की जुळारी करवतीने ठोकळ्याची कड कापून दोन्ही एकमेकांत बसवत. म्हणजे कर्निंग, दोन विशिष्ट अक्षरांमधलं अंतर कमीजास्त करणं, ही छापखान्याला नवी गोष्ट नव्हती, फक्त एकदा कापलेली कड परत जोडता येत नसे. म्हणून अस्सलपणाच्या नावाखाली ढिलं अंतर ठेवण्यात अर्थ नाही. कर्निंग करा.

मात्र एक नियम कधीही मोडायचा नाही. सगळ्या थरांची रुंदी आणि कर्निंग तंतोतंत एकच हवी. नक्षीच्या थरात एका जोडीला -40 आणि भरणीच्या थरात -38 असेल तर लांब ओळीत थर हळूहळू एकमेकांपासून सुटतात. अंतर एकाच स्रोतात ठेवा आणि तिथूनच सगळे थर निर्यात करा, हाताने नक्कल नको.

थर की कलर फॉन्ट?

1994 मध्ये फॉन्टला रंगच नव्हता. म्हणून रोझवुड दोन फाइलींत आला. एक शब्द दोनदा टाइप करायचा, दोन रंग द्यायचे, एकावर एक ठेवायचे. आता एकाच फाइलीत रंगीत थर ठेवता येतात. फॉन्टच्या फाइलीतली कोलर (COLR) नावाची तक्ती कोणता आकार कोणाच्या वर ते सांगते आणि सीपॅल (CPAL) तक्तीत रंगांचे संच असतात. कोलरच्या पहिल्या आवृत्तीत सपाट रंग आहेत, नंतरच्या आवृत्तीत ग्रेडियंट आणि रंग मिसळण्याच्या पद्धतीही आल्या. वेबवर सीएसएसच्या फॉन्ट-पॅलेट गुणधर्माने वाचकाला रंगसंच बदलून दाखवता येतो.

लाकडी टाइपला ग्रेडियंट शोभत नाही, छापखान्यात ते नव्हतेच. मी सपाट रंगांचीच आवृत्ती घेईन. पेजचा तो फुकटचा तिसरा रंग आणायचा असेल तर दोन आकारांचा छेद काढून तो तिसरा स्वतंत्र थर करा. त्यासाठी मिश्रणाचं तंत्र वापरलंत तर काही सॉफ्टवेअरमध्ये दिसेल, काहींत दिसणार नाही. कलर फॉन्टला डिझाइन सॉफ्टवेअरचा पाठिंबा अजून सारखा नाही, त्यामुळे सुटे थर आणि कलर फॉन्ट दोन्ही द्या.

कलर फॉन्टमध्ये आणखी एक गोम आहे. प्रत्येक अक्षर आपले सगळे थर रंगवून मोकळं होतं आणि मग पुढचं अक्षर सुरू होतं. सावली डावीकडे पडत असेल तर पुढच्या अक्षराची सावली आधीच्या अक्षराच्या तोंडावर चढते. सावली उजवीकडे खाली पाडा, म्हणजे पुढचं अक्षर तिला आपोआप झाकतं. सुट्या थरांत ही अडचण येत नाही, सगळ्या सावल्या सगळ्या अक्षरांखाली राहतात.

देवनागरीत करायचं म्हटलं तर

हा मोह मराठी डिझायनरला होणारच, आणि व्हावा. पण देवनागरीच्या दंडाला खाली जाड सेरिफ चिकटवणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग आहे. पेजकडून आकार उचलण्यापेक्षा रचना उचला: जाड अंग, आत नक्षी, दोन थर.

खरी अडचण शिरोरेषेची. रोमन अक्षरं सुटी असतात, आपली जोडलेली. प्रत्येक अक्षराला सभोवती किनार दिली की दर जोडावर शिरोरेषेत उभी रेघ येते आणि शब्दाच्या चिंध्या होतात. किनारीच्या थरात शिरोरेषा दोन्ही टोकांना उघडी ठेवा, वरची आणि खालची रेघ फक्त. शब्दाच्या पहिल्या आणि शेवटच्या अक्षरासाठी टोक बंद केलेली पर्यायी रूपं करा आणि संदर्भ-फीचरने ती बसवा. नक्षी काना आणि दंडात घाला, जोडाक्षरांच्या अरुंद पोटात नको. वेलांटी, मात्रा, रफार यांना नुसती भरणी पुरे. वरच्या मात्रांना जागा द्यावी लागत असल्याने अक्षराचं मुख्य अंग रोमन कॅपिटलपेक्षा बुटकंच राहतं, म्हणून तीच नक्षी देवनागरीत आणताना तिच्यातले एक-दोन तपशील गाळा.

चाचणी आणि हक्क

हे टाइप पोस्टरसाठी कोरलेले आहेत. साधारण 36 पॉइंटच्या खाली नक्षीचा चिखल होतो. लहान आकारासाठी नक्षी कमी केलेली दुसरी आवृत्ती करा किंवा वापराच्या सूचनेत तसं स्पष्ट लिहा. स्क्रीनवर समाधान झालं तरी एकदा दोन रंगांत ऑफसेट किंवा रिसोवर, म्हणजे स्टेन्सिलने एकेक रंग छापणाऱ्या यंत्रावर, छापून बघा. रिसोवर थर थोडे सरकतातच, तिथे तुमचा चढ पुरतो की नाही ते कळतं.

हक्कांचं थोडक्यात. एकोणिसाव्या शतकातले आकार कोणाच्या मालकीचे राहिलेले नाहीत, आणि अमेरिकेत टाइपच्या आकाराला कॉपीराइट मिळत नाही. पण फॉन्टची फाइल हा प्रोग्राम आहे आणि त्याला मिळतो. म्हणून पेजचा छापील ठसा पाहून काढा, रोझवुडची फाइल उघडून तिचे बिंदू उचलू नका. नावही नवं घ्या, जुन्या डिजिटल फॉन्टची नावं बहुधा ट्रेडमार्क असतात. काम खुलं ठेवायचं असेल तर ओपन फॉन्ट लायसन्स सोयीचं आहे, गूगल फॉन्ट्सवरचे राय आणि सँक्रीक हे लाकडी वळणाचे फॉन्ट त्याच परवान्याखाली आहेत. फाइलीसोबत एक पान जोडा: मूळ टाइप कोणत्या कारखान्याचा, कोणत्या वर्षीच्या कॅटलॉगमधला, कोणती अक्षरं मूळची आणि कोणती तुम्ही काढलेली.